पाहुणे फादर, परदेशी पॅरिश: वाचकांचे प्रश्न

पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चभोवतीच्या स्थानिक मंडळीच्या, प्रमुख धर्मगुरूला वर्षातून एक महिना सुट्टी घेता येते, असं कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेचं कलम ५३३ सांगतं. पण त्या महिन्यात रविवार थांबत नाहीत आणि दवाखान्यातून येणारे फोनही थांबत नाहीत. मग दुसऱ्या देशातून कुणी फादर येतात, चार-सहा आठवडे राहतात, कधी दोन-तीन वर्षंही. १९५७ साली पोप बारावे पायस यांनी ‘फिदेई दोनुम’ या परिपत्रकातून बिशपांना आवाहन केलं होतं की आपले धर्मगुरू परक्या भूमीत, विशेषतः आफ्रिकेत, सेवेला पाठवा. आज ही ये-जा सगळ्याच दिशांनी चालते. या महिन्यात आलेली बरीच पत्रं याच विषयावरची आहेत. काही जाणाऱ्या धर्मगुरूंची, काही त्यांना आपल्यात सामावून घेणाऱ्या मंडळींची.

प्रश्न: सहा आठवड्यांसाठी परदेशातल्या एका पॅरिशमध्ये सेवेला जायचं ठरतंय. तिथले प्रमुख धर्मगुरू म्हणाले, “तुम्ही या, बाकीचं इथं बघू.” सोबत नेमके कोणते कागद हवेत?

फादर, ‘बाकीचं’ निघण्याआधीच बघायचं असतं. चर्चच्या बाजूने चार कागद लागतात.

पहिला सेलेब्रेट. तुम्ही धर्मगुरू आहात आणि मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करायला तुम्हाला कोणतीही मनाई नाही, असं सांगणारं तुमच्या बिशपांचं किंवा वरिष्ठांचं पत्र. कलम ९०३ प्रमाणे ते गेल्या वर्षभरातलं असावं लागतं, म्हणून जुनं पत्र पाकिटात आहे एवढ्यावर भागत नाही. दुसरं, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत आणि कुठे जायला परवानगी आहे, ते लिहिलेलं तुमच्या बिशपांचं पत्र. तिसरी, यजमान धर्मप्रांताची, म्हणजे तिथल्या बिशपांच्या अखत्यारीतल्या क्षेत्राची, लेखी संमती. इथेच सर्वांत जास्त गफलत होते. प्रमुख धर्मगुरूंचा होकार म्हणजे धर्मप्रांताचा होकार नव्हे. पत्र बिशप-कार्यालयाच्या नावे गेलेलं असावं आणि उत्तरही तिथूनच आलेलं असावं. चौथं, लहान मुलं आणि असुरक्षित व्यक्तींच्या संरक्षणासंबंधीचे कागद: तुमच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही असं बिशपांचं पत्र, पोलिसांचा चारित्र्य दाखला, आणि अनेक धर्मप्रांतांत एक ऑनलाइन प्रशिक्षणही. याला आठवडे जातात, म्हणून तीन महिने आधी सुरुवात करा. हे कागद पूर्ण होईपर्यंत अनेक ठिकाणी पाहुण्या धर्मगुरूला जाहीर मिस्साही करू देत नाहीत. तो अपमान समजू नका. हा नियम सगळ्यांना सारखाच आहे, आणि तो असायलाच हवा.

एक बारीक गोष्ट. पासपोर्टवरचं नाव, दीक्षेच्या दाखल्यावरचं नाव आणि सेलेब्रेटवरचं नाव अक्षरशः एक असू द्या. वडिलांचं नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरून फाइल अडकून पडते.

आता अधिकारांचं. पापनिवेदन ऐकण्याचा जो अधिकार तुमच्या बिशपांनी तुम्हाला कायमचा दिलेला आहे, तो कलम ९६७ मुळे जगभर चालतो. स्थानिक बिशपांनी एखाद्याला तो नाकारला तरच थांबतो. प्रवचनाचा अधिकारही त्या चर्चच्या प्रमुखांची संमती गृहीत धरून चालतो. विवाह लावण्याचा अधिकार मात्र तुमच्यासोबत येत नाही. त्याविषयी पुढे लिहिलं आहे.

व्हिसाबद्दल आधी विचारून घ्या. पर्यटक म्हणून जाऊन महिनाभर पॅरिश सांभाळणं आणि वर मानधन घेणं, हे काही देशांत बेकायदा काम ठरतं. कोणता व्हिसा लागेल हे यजमान धर्मप्रांताने लेखी कळवावं. गाडी चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना घ्या, आणि पॅरिशच्या गाडीच्या विम्यात तुमचं नाव चढवलंय का ते विचारा. परवाना असून विम्यात नाव नसेल तर लहानशा अपघातातही सगळा भार तुमच्यावर येतो. रोजची औषधं असतील तर चिठ्ठीवर कंपनीच्या नावासोबत औषधाचं मूळ नावही लिहून घ्या, कारण कंपनीची नावं देशागणिक बदलतात.

आणि शनिवारी पोहोचू नका. घड्याळ सहा-आठ तासांनी सरकलेलं असताना दुसऱ्या दिवशी तीन मिस्सा म्हणजे स्वतःवर आणि लोकांवरही अन्याय आहे. बुधवारी किंवा गुरुवारी पोहोचा.

प्रश्न: नव्या चर्चमध्ये पहिल्या सकाळी गोंधळ उडू नये म्हणून आधी काय पाहून ठेवावं?

आदल्या संध्याकाळी सॅक्रिस्टनसोबत, म्हणजे चर्चची व्यवस्था बघणाऱ्या सेवकासोबत, अर्धा तास काढा. सकाळी मिस्सेला दहा मिनिटं उरलेली असताना या गोष्टी विचारता येत नाहीत.

दारापासून सुरुवात करा. बहुतेक ठिकाणी चोरीची धोक्याची घंटा बसवलेली असते आणि दार उघडल्यावर ठरावीक सेकंदांत आकडे दाबावे लागतात. ती पेटी कुठे आहे, आकडे दाबल्यावर कोणता दिवा लागतो, हे तुमच्या हाताने एकदा करून बघा. नुसतं ऐकून घेतलं तर पहाटेच्या अंधारात बोटं चुकतात. त्यानंतर दिवे. पाटीवर वीस बटणं असतात आणि वेदीवरच्या दिव्यासाठी त्यांतली दोनच लागतात. त्यांवर कागदाची पट्टी चिकटवायला परवानगी मागा.

मग मंजुषेची, म्हणजे ख्रिस्तप्रसाद ठेवायच्या कुलूपबंद पेटीची, किल्ली. ती कुठे ठेवतात, कोण ठेवतं, आणि कुलूप कोणत्या बाजूला फिरतं? जुन्या मंजुषेची किल्ली पुष्कळदा अर्धा फेरा उलटी फिरवून दार किंचित आत दाबल्यावरच सुटते. ख्रिस्तप्रसाद वाटायची वेळ, लोक रांगेत उभे, आणि फादर कुलुपाशी झटतायत, हे टाळता येतं. आत किती प्रसाद शिल्लक आहे तेही तेव्हाच बघून घ्या, म्हणजे सकाळी किती ओस्त्या (मिस्सेतल्या पातळ भाकरी) ठेवायच्या ते ठरतं.

ग्लुटेन न चालणारं कुणी येतं का, हे विचारायला विसरू नका. चर्चच्या नियमाने ओस्ती गव्हाचीच लागते, म्हणून अशांसाठी अत्यल्प ग्लुटेनची ओस्ती वेगळ्या झाकणाच्या पिक्समध्ये (ओस्तीच्या छोट्या डबीत) ठेवतात. ती तशीच बंद वेदीवर ठेवायची. मोठी ओस्ती मोडलेल्या बोटांनी तिला हात लागला तर सगळी काळजी वाया जाते. काहीजण फक्त द्राक्षारस घेतात. तो तुमच्या चषकातून देऊ नका, कारण ओस्ती मोडताना तिचा एक कण आपण त्यात सोडलेला असतो. त्यांच्यासाठी दुसरा छोटा चषक भरून ठेवायला सांगा.

मिस्साग्रंथात त्या दिवसाच्या फिती लावून झाल्यावर युखारिस्तिक प्रार्थनेच्या पानावर एक चिठ्ठी ठेवा आणि तीवर स्थानिक बिशपांचं नाव लिहा. तिथे त्यांचंच नाव घ्यायचं असतं. पण वर्षानुवर्षांच्या सवयीने जिभेवर आपल्याच बिशपांचं नाव येतं, आणि चुकल्याचं लक्षात येतं तेव्हा वाक्य पुढे गेलेलं असतं.

शेवटी माइक. कॉलरला लावायचा बिनतारी माइक असेल तर तो बंद-चालू करायचं बटण डोळे मिटून सापडेल इतकं बोटांना ओळखीचं करून घ्या. मिस्सेनंतर कुणी “फादर, पापनिवेदन करायचं होतं” म्हणालं आणि तुम्ही तसेच कोपऱ्यात गेलात, तर ते बोलणं सगळ्या चर्चभर ऐकू जाऊ शकतं. कलम ९८३ प्रमाणे पापनिवेदनाचं गुपित अभेद्य आहे. यात निष्काळजीपणाला जागाच नाही. नियम एकच ठेवा: पापनिवेदनाला बसण्याआधी माइक नुसता बंद करायचा नाही, काढून सॅक्रिस्टीत (धर्मगुरू तयार होतात त्या खोलीत) ठेवायचा.

प्रश्न: तिथली भाषा वाचता येते, पण उच्चार लोकांना कळतील का याची धास्ती आहे.

धास्ती वाटते म्हणजे तयारी कराल. अडचण बहुधा एकेका शब्दाची नसते, लयीची असते. मराठीत आपण शब्दातल्या सगळ्या अक्षरांवर जवळपास सारखा भार देतो. इंग्रजीसारख्या भाषेत भार एकाच अक्षरावर पडतो आणि ऐकणारा त्याच आधाराने शब्द ओळखतो. म्हणून प्रवचनाच्या कागदावर अवघड शब्दांतल्या भाराच्या अक्षराखाली रेघ मारा. जिथे श्वास घ्यायचा तिथे उभी रेघ.

वेग मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्दांच्या वर नको. सात मिनिटांचं प्रवचन म्हणजे सुमारे सातशे शब्द. त्याहून मोठं लिहिलंत तर वेळ सांभाळायला घाई कराल, आणि घाईत उच्चार आधी बिघडतात. उंच छताच्या दगडी चर्चमध्ये आवाज घुमतो, तिथे वाक्याच्या शेवटचा शब्द गिळू नका. पुढचं वाक्य एक क्षण थांबूनच सुरू करा.

नावांसाठी देवनागरीचा उपयोग करा. अंत्यविधीच्या आधी घरच्या माणसाला मृताचं नाव दोनदा म्हणायला सांगा आणि ऐकलं तसं देवनागरीत लिहून घ्या. रोमन अक्षरांपेक्षा ते किती तरी भरवशाचं. फक्त ‘व’ जपून वापरा. ओठ गोल करून म्हणायचा ध्वनी आणि दात ओठाला लावून म्हणायचा ध्वनी, दोन्हींना आपण एकच अक्षर वापरतो; एकाखाली टिंब द्या. दुःखात बसलेल्या कुटुंबाला तुमचं प्रवचन आठवेल न आठवेल, पण आपल्या माणसाचं नाव चुकलेलं ते विसरत नाहीत.

पहिल्या रविवारी विनोद करू नका. आणि मिस्सेनंतर “कसं झालं?” असं सगळ्यांना विचारू नका, सगळे छानच म्हणतील. मिस्सेत वाचन करणाऱ्यांपैकी एकाला आधीच सांगून ठेवा की न कळलेले शब्द कागदावर टिपून द्या. दुसऱ्या आठवड्यात ती यादी निम्मी होते.

प्रश्न: आमच्या पॅरिशमध्ये दुसऱ्या देशातले फादर दोन महिन्यांसाठी आलेत. आम्ही रोज कुणा ना कुणाकडे त्यांना जेवायला बोलावतो, पण ते थकलेले आणि थोडे अबोल वाटतात. आमचं काय चुकतंय?

ताई, तुमचं प्रेम कमी पडत नाहीये, जास्त होतंय. परक्या भाषेत दिवसभर बोलणं हे अंगमेहनतीइतकंच दमवणारं काम आहे. त्यानंतर रोज नवं घर, नवी माणसं, आणि तेच प्रश्न: तुमच्याकडे चर्च कसं असतं, घरी कोण कोण आहे, इथलं हवामान मानवतं का? उत्तरं देता देता माणूस गप्प होतो.

आमचं मत असं की आठवड्यात दोन संध्याकाळी पुरेत, आणि निमंत्रण देताना परत सोडण्याची वेळही सांगावी. नऊ म्हटलं तर नऊ. कोणी कोणत्या दिवशी बोलवायचं याची नोंद एकाच व्यक्तीकडे असू द्या. ते काय खातात, काय सोसत नाही, हे एकदा विचारून सगळ्यांना कळवा, म्हणजे प्रत्येक घरी त्यांना तेच सांगत बसावं लागणार नाही. आठवड्याचा एक दिवस पूर्ण सुट्टीचा ठरवा आणि तो नोटीस बोर्डावर लावा. लावला नाही तर त्या दिवशीही दाराची घंटा वाजते.

खोलीत काय हवं? टेबल, वाचायचा दिवा, दाराला आतून कडी, वाय-फायचा पासवर्ड कागदावर. हीटर किंवा पंखा कसा चालवायचा, कपडे धुण्याचं यंत्र कोणत्या खुणेवर लावायचं, कोणता कचरा कोणत्या दिवशी बाहेर ठेवायचा, हे एका पानावर लिहून भिंतीला लावा. पाहुणा माणूस या गोष्टी विचारायला संकोचतो आणि थंडीत कुडकुडत बसतो. फ्रिजमधला एक खण त्यांच्या नावाचा करा. त्यांना स्वतःच्या हाताने चार घास शिजवता आले तर त्याने जो आराम मिळतो, तो दहा मेजवान्यांनी मिळत नाही.

एकटेपणाची वेळ ओळखा. ती बहुधा रात्रीची नसते, रविवारी दुपारची असते. सकाळी तीन मिस्सा, शेकडो माणसं, दारात हस्तांदोलन, आणि एक वाजता सगळे आपापल्या घरी गेलेले. पार्किंग रिकामं आणि इतक्या मोठ्या घरात एकटा माणूस. त्या दुपारी कुणी फिरायला नेलं, किंवा त्यांच्या घरच्यांशी बोलायला नीट चालणारं इंटरनेट असलं, तरी पुष्कळ होतं. थंड प्रदेशात हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडतो. उष्ण देशातून आलेल्या माणसाच्या मनावर त्याचा परिणाम होतो. सकाळच्या उजेडात रोज अर्धा तास चालायला सोबत द्या.

आणखी एक, स्पष्टच लिहितो. मुलांना क्लासला सोडायला फादरांना एकट्याने गाडीतून पाठवू नका, मुलांसोबत बंद खोलीत एकटं बसवू नका. यात अविश्वास नाही. मुलं आणि फादर, दोघांच्याही सुरक्षिततेसाठी हा नियम आहे, आणि पाहुण्याला तो माहीत नसू शकतो. सांगण्याची जबाबदारी यजमानांची.

प्रश्न: मिस्सेचं मानधन, बाप्तिस्म्याला मिळालेली पाकिटं, दानपेटी… पाहुण्या धर्मगुरूचं काय आणि पॅरिशचं काय?

संकोचाने न विचारलेला हा प्रश्न पुढे कडवटपणा आणतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात विचारा.

दिवसात कितीही मिस्सा केल्या तरी एकाच मिस्सेचं मानधन स्वतःकडे ठेवता येतं. बाकीचं बिशपांनी ठरवलेल्या कामासाठी जातं. नाताळचा दिवस याला अपवाद. हे कलम ९५१. पॅरिशमधल्या सगळ्या लोकांसाठी रविवारी एक मिस्सा अर्पण करणं प्रमुख धर्मगुरूचं कर्तव्य असतं; ते सुट्टीवर असताना ती तुमच्याकडे आली तर तिचं मानधन नसतं, म्हणून ती कोणती हे वहीत आधीच लिहून घ्या. पॅरिशमध्ये स्वीकारलेले हेतू, म्हणजे लोकांनी ज्यासाठी मिस्सा मागितली ती कारणं, पॅरिशच्या वहीत असतात. तुम्ही कोणता हेतू कोणत्या तारखेला पूर्ण केला, त्याची स्वतंत्र नोंद तुमच्याकडेही हवी. कलम ९५५ ती प्रत्येक धर्मगुरूकडून मागतं. घरून आणलेले हेतू आणि इथले हेतू एकाच मिस्सेत मिसळायचे नाहीत.

बाप्तिस्मा, अंत्यविधी अशा पॅरिशच्या कामावेळी मिळालेलं पाकीट कलम ५३१ नुसार पॅरिशच्या निधीत जातं, विधी कुणीही केलेला असो. देणाऱ्याने “हे तुमच्या स्वतःसाठी” असं स्पष्ट म्हटलं असेल तरच ते तुमचं. शंका आली तर तिथल्या तिथे विचारा: “हे चर्चसाठी की माझ्यासाठी?” प्रश्न थोडा अवघड वाटतो, पण त्यावर कुणी रागावत नाही.

दानपेटीला एकट्याने हात लावू नका, मोजायला मदतही नको. मोजणारे दोघे असावेत, एकमेकांच्या नात्यातले नसावेत, आणि आकड्याखाली दोघांची सही असावी. आपल्या धर्मप्रांतासाठी मदत मागायची असेल तर यजमान बिशपांच्या लेखी परवानगीशिवाय वेदीवरून एक शब्दही बोलायचा नाही. ज्या पाहुण्याने तिसऱ्या रविवारी वर्गणी मागितली, त्याच्यानंतरच्या पाहुण्याकडेही लोक सावधपणे बघतात.

प्रश्न: रात्री दोनला दवाखान्यातून फोन आला तर? शहर अनोळखी आहे.

झोपेत होकार देऊन फोन ठेवू नका. उशाशी वही ठेवा आणि विचारा: रुग्णाचं नाव, दवाखाना, इमारत, मजला, वॉर्ड, खाट, रात्री कोणत्या दाराने आत सोडतात, फोन करणाऱ्याचा नंबर, रुग्ण शुद्धीवर आहे का, गिळता येतं का. शेवटच्या प्रश्नावर ख्रिस्तप्रसाद न्यायचा की नाही ते ठरतं. ज्याला जड जातं त्याला ओस्तीचा अगदी छोटा तुकडा आणि चमचाभर पाणी.

पिशवी आधीच भरलेली हवी: जांभळा आणि पांढरा दोन्ही बाजूंनी वापरता येणारा स्टोल (गळ्यात घालायचा पट्टा), तेलाची डबी, विधीचं छोटं पुस्तक, पिक्स, कापूस, ओळखपत्र, फोनचा चार्जर. पोहोचायच्या वाटेचा आणि पार्किंगचा नकाशा दिवसा एकदा स्वतः जाऊन बघितलेला असावा.

वॉर्डमध्ये आधी नर्सला भेटा. ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती लावायची नाही, घरच्यांनी आग्रह केला तरी. तैलाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार, कपाळावर आणि हातांवर. घाई असेल तर फक्त कपाळावर, पण प्रार्थनेचं सूत्र पूर्ण म्हणून. संसर्गाचा रुग्ण असेल तर कापसाच्या बोळ्याने तेल लावायला कलम १००० परवानगी देतं. तो कापूस नंतर जाळायचा, कचऱ्यात टाकायचा नाही. रुग्ण नुकताच गेला असं सांगितलं आणि खात्री नसेल, तर शंकेच्या वेळी संस्कार द्यावा, असं कलम १००५ सांगतं. मृत्यू निश्चित असेल तर तैलाभ्यंग नाही. मृतासाठीच्या प्रार्थना म्हणा आणि घरच्यांजवळ बसा. मृत्यूच्या छायेतल्या माणसाला कोणताही धर्मगुरू पापमुक्ती देऊ शकतो, तिथे कागदांचा प्रश्न येत नाही.

सकाळी पॅरिश कार्यालयात नोंद लिहा. सुट्टीवरून परतलेल्या प्रमुख धर्मगुरूंना त्या घरी पुन्हा जायचं असतं. तुम्ही ते लिहिलं नाहीत तर त्यांना कळणारच नाही.

प्रश्न: ओळखीच्या कुटुंबाने परदेशात मला मुलीचं लग्न लावायला सांगितलंय. हॉलमध्येच करू म्हणतात.

थांबा. स्थानिक बिशपांनी किंवा प्रमुख धर्मगुरूंनी त्या ठराविक लग्नासाठी अधिकार सोपवल्याशिवाय तुमच्यासमोर झालेला विवाह अवैध ठरतो. मनातला चांगला हेतू तिथे उपयोगी पडत नाही. वधू-वरांची आणि तारखेची नावनिशी असलेला अधिकार लेखी घ्या, जागेची परवानगी वेगळी घ्या, आणि त्या देशाच्या नागरी नोंदणीचे नियम कार्यालयाकडून समजून घ्या. काही देशांत धर्मगुरूची सही नागरी नोंदणीलाही लागते आणि पाहुण्याची सही तिथे चालत नाही. बाप्तिस्म्यालाही प्रमुख धर्मगुरूंची परवानगी हवी, आणि नोंद त्याच पॅरिशच्या वहीत, तुमच्या डायरीत नव्हे.

प्रश्न: तिथे लोक ख्रिस्तप्रसादाच्या वेळी उभेच राहतात, सणांच्या तारखाही वेगळ्या. आपली पद्धत सांगावी का?

नको. गुडघे कधी टेकायचे, शांतीचं चिन्ह कसं द्यायचं, प्रसाद कसा घ्यायचा, यातलं बरंच काही त्या देशाच्या बिशप परिषदेने ठरवलेलं असतं. प्रभूचं स्वर्गारोहण कुठे गुरुवारी तर कुठे पुढच्या रविवारी साजरं होतं, तेही कायदेशीरच. पोहोचताच त्या धर्मप्रांताची उपासना-दिनदर्शिका मागून घ्या आणि संरक्षक संताचे, चर्चच्या अभिषेकाचे दिवस खुणा करून ठेवा. रविवारच्या वाचनांचं अ, ब, क असं तीन वर्षांचं चक्र मात्र सगळीकडे एकच. ज्या सालाला तीनने भाग जातो ते ‘क’ वर्ष, आणि ते आदल्या वर्षाच्या आगमनकाळापासून, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळापासून, सुरू होतं. वाचनांचा अनुवाद एकाच भाषेतही वेगळा असतो: इंग्लंड-वेल्समध्ये २०२४ च्या आगमनकाळापासून नवा वाचनग्रंथ आला, अमेरिकेतला अनुवाद वेगळाच आहे. म्हणून फोनवरच्या मजकुरावरून प्रवचन बेतू नका, वाचनमंचावरचा ग्रंथ उघडून बघा. लोकांनी ऐकलेला शब्द आणि तुम्ही उलगडून सांगितलेला शब्द वेगळे पडले की प्रवचनाचा धागा तुटतो.

प्रश्न: पापनिवेदन करणाऱ्याची भाषाच कळली नाही तर?

आधी सांगा की भाषा थोडीच येते, हळू बोला. दुभाष्यामार्फत पापनिवेदन करायला कलम ९९० ची मुभा आहे आणि दुभाषाही त्याच गुपिताने बांधलेला असतो. पण दुभाषा पश्चात्तापीने स्वतः निवडावा, तुम्ही कुणाला हाक मारून बोलवू नये. फोनवरचं भाषांतराचं अॅप मात्र तिथे अजिबात नको. बोललेलं कुठे साठतं, कुणाच्या हाती जातं, यावर तुमचा ताबा नसतो.

प्रश्न: निघताना काय काय आटोपायचं?

शेवटचे तीन दिवस त्यासाठीच राखून ठेवा. पूर्ण केलेल्या हेतूंची यादी तारखांसह कार्यालयात द्या. राहिलेला एखादा हेतू असेल तर तो आणि त्याचं मानधन दोन्ही परत करा. बाप्तिस्मा आणि अंत्यविधींच्या वहीतल्या तुमच्या सह्या तपासा, एखादी राहिलेली असतेच. आजारी माणसांची यादी बनवा: कोणाला कधी भेटलात, प्रसाद कोण नियमित घेतं, कुणाचं ऑपरेशन कधी आहे. त्यात घरचा पत्ता आणि प्रकृती एवढंच असावं. जे विश्वासाने सांगितलं ते कागदावर येऊ नये.

किल्ल्या मोजून, पावती घेऊन परत करा. पॅरिशच्या संगणकावर आणि फोनवर तुमचं खातं उघडं असेल तर बंद करा. खोलीतली चादर काढून धुवायला टाका, फ्रिजमधला तुमचा खण रिकामा करा.

लोकांशी पुढे संपर्क ठेवायला हरकत नाही, पण पॅरिशचे प्रश्न घेऊन कुणी फोन केला तर त्यांना त्यांच्याच फादरांकडे पाठवा. आणि मंजुषेची किल्ली कोणत्या बाजूला फिरते ते एका चिठ्ठीवर लिहून सॅक्रिस्टनकडे ठेवा. पुढचे पाहुणे तेच विचारणार आहेत.